वर्षावासाचे बूट

आमच्या घरी पावसाळ्यात प्रत्येक पत्रक दोनदा वाचलं जायचं. एकदा छापखान्यातून आल्यावर, आणि दुसऱ्यांदा बाबांच्या गमबुटातून बाहेर काढल्यावर.

बाबा कसाऱ्याला रेल्वेत होते, रुळांच्या कामावर. गमबूट त्यांना कामावरूनच मिळायचे. काळे, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, आत कापडाचं अस्तर. सुट्टीच्या रविवारी तेच बूट पायात चढवून ते शहापूरहून मोटारसायकल काढायचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या लोकांत वर्षावास असतो. तीन महिने विहारात ग्रंथ वाचतात. सरळगावच्या पुढे, मुरबाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक वाडी आहे. तिथल्या विहारात वाचायला माणूस नव्हता, म्हणून बाबा जायला लागले, आणि पुढे वाचायला माणसं झाली तरी जातच राहिले. रविवारचं दुपारचं वाचन त्यांचं.

पूर्वी या तीन महिन्यांत भिक्खू एका जागी मुक्काम करत, कारण वाटा चिखलाच्या असत, हे बाबाच सांगायचे. आणि स्वतः मात्र नेमके त्याच तीन महिन्यांत चिखलात गाडी घालायचे. आई म्हणायची, "अवो, दुसऱ्याला थांबायचं वाचून दाखवता नि तुमीच पळता."

परत आले की बूट आतून निथळत असायचे. रबर चुलीजवळ ठेवलं तर तडकतं, म्हणून त्यात कागद कोंबायचा. आमच्याकडे कागद म्हणजे पत्रकं. मात्र कुठलं पत्रक बुटात जाईल याचे नियम होते. धम्माचं नाही. तसबीर छापलेलं नाही. सभा व्हायची असेल तर तिचं नाही. सभा झाली, मोर्चा निघून गेला, की उरलेला गठ्ठा बुटांच्या कामाला लागायचा.

सकाळी ते ओले गोळे बाहेर काढायचं काम माझं. गुलाबी, पिवळे, पोपटी. मी ते जमिनीवर ठेवून तळहाताने सपाट करायचे आणि मोठ्याने वाचायचे. शाळेच्या पुस्तकात तेव्हा ससे आणि फुलपाखरं होती. बुटातून निघायचं ते "आमच्या वाडीला पाणी मिळालेच पाहिजे". मला त्याचंच वाचन जास्त आवडायचं, कारण त्यात कुणीतरी काहीतरी मागत होतं. शाई बुटाच्या अस्तराला लागून बाबांच्या पांढऱ्या मोज्यांवर उतरायची, टाचेवर पुसट अक्षरं उठायची. मोजे धुताना आई म्हणायची, "ह्या माणसाच्या पायाखाली सगळं सरकार हाय."

कॉलेजात असताना मी पहिलं पत्रक लिहिलं. किन्हवलीकडच्या मुलींना संध्याकाळी परतायला एसटी नव्हती, त्याबद्दल. निवेदन दिलं, घोषणा झाल्या, आणि पुढच्या रविवारी माझंच पत्रक डाव्या गमबुटातून डोकावताना दिसलं. मी घर डोक्यावर घेतलं. "माझं पत्रक? बुटात?"

बाबा शांतपणे दुसरा बूट भरत होते. "वाचलं गो. दोनदा वाचलं. आता त्याला पाणी पिऊ दे."

बूट आमच्या घरात नुसतं पायात घालायचं काही नव्हतं. माझ्या आजोबांना गावातल्या एका आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यायला लावत. लावणाऱ्यांची नातवंडं आज मला सांगतात, ते दिवस गेले. गेले नाहीत, आम्ही घालवले. बाबा नोकरीला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट घेतली ती चामड्याचे बूट, आणि कारण नसताना त्या आळीतून टाच वाजवत गेले. आत्या अजून हसत सांगते, की त्या दिवशी त्यांना टाचेला फोड आला होता, पण आळी संपेपर्यंत चाल बदलली नाही. तेव्हापासून बाबांचं एकच म्हणणं: पाय झाकलेला पायजे. बाकीचा मान मग.

म्हणून त्या पायांबद्दल डॉक्टरीणबाई बोलल्या ते घरात सगळ्यांनाच लागलं.

बाबा आता निवृत्त आहेत, साखरेचं दुखणं आहे. या उन्हाळ्यात ते करवंदीच्या जाळीतून फिरून आले. रात्रीपर्यंत इकडेतिकडे करत होते. मोजा काढला तेव्हा आईला रक्त दिसलं. तळव्यात काटा मोडला होता आणि त्यांना कळलंही नव्हतं. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी काटा काढला, मग तळव्याला ठिकठिकाणी एक बारीक तार टेकवत विचारलं, "लागतंय का?" बाबा डोळे मिटून म्हणत राहिले, "नाय. नाय. नाय."

"काका, पावसाळ्यात पाय ओला राहता कामा नये. बोटांच्या बेचक्यात चिखली झाली, भेग पडली, तर तुम्हाला समजणार नाही. आणि चिघळलं तर पाय वाचवणं कठीण होतं. रोज कुणीतरी तळवे बघायचे."

"झालं मग," आई म्हणाली. "गाडी विका."

"नि वर्षावास?" बाबांनी विचारलं.

"घरात वाचा. मी ऐकीन."

"तू? तू तिसऱ्या पानाला घोरतेस."

दारात रिक्षातून उतरताना आईने निकाल दिला. चांगले बूट घ्यायचे, पाणी आत न येणारे. पण एकदा जरी पाय ओला झाला, त्या दिवसापासून गाडी बंद. "नि पाय ही बघंल," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "हिला खोटं बोलता येत नाय. एवढा एकच गुण बापाचा घेतलाय."

अशी मी बूटशोधाला लागले. बाबांच्या मते शोधायचं काही नव्हतंच, गमबूट होते. मी त्यांना त्यांचेच जुने गमबूट उलटे करून दाखवले. डावा दर वर्षी त्याच जागी झिजायचा, चवड्यावर, जिथे गिअर वर उचलताना दांडी घासते. तिथूनच पाणी शिरायचं. आणि न फाटलेल्या गमबुटात पाय आतल्या आत घामाने भिजतो. शिवाय आत टाच सैल राहते, हलत राहते, सालटं जातं. ज्याला दुखतं तो थांबतो. बाबांना आता कळणारच नव्हतं.

मी मुरबाडला एका छापखान्यात प्रुफं तपासते. एसटी स्टँडजवळच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांचे बूट मिळतात, ते आधी पाहिले. मजबूत, पण पुढे लोखंडी वाटी. बाबा बूट घालून बाहेर आले, आपल्या गाडीवर बसले आणि गिअरच्या दांडीखाली पाय घालायला लागले. जाईना. बूट जाड, जागा कमी.

"काका, गाडी बदला," दुकानदार म्हणाला.

"त्यापेक्षा दुकान बदलतो," बाबा म्हणाले.

शहापूरच्या बाजारपेठेत घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट मिळाले. चांगले होते, पण नाड्यांचे. बाबांनी वाकून एक नाडी सोडली, कंबर धरली आणि नाही म्हणाले. विहारात बूट बाहेर काढून जायचं, आणि वाचणारा आत येऊन बसेपर्यंत सगळे हात जोडून थांबतात. "तिकडं बाया खोळंबल्यात नि मी पायरीवर नाड्या सोडत बसलोय? नाय जमायचं." मला ते पटलं. दुकानातले लोक बूट किती टिकतो ते सांगतात. दिवसातून कितीदा काढायचाय ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे प्रत्येक उंबऱ्याला काढायचा असतो.

शेवटी कल्याणला गेलो, मोटारसायकलवाल्यांच्या खास दुकानात. मुद्दाम संध्याकाळी, कारण पाय दिवसभरात सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दुकानदाराने एक जोड काढला. "अंकल, ये मॉडेल लडाख जाके आया है."

"आमी सरळगावला जाणार," बाबा म्हणाले.

"वो किधर पडता है? हिमाचल में?"

"हां. हिमाचल के थोडा अलीकडे."

बूट पोटरीच्या अर्ध्यापर्यंत. बाजूला चेन, चेनच्या आत पाणी न शिरणाऱ्या कापडाची घडी, वरून चिकटपट्टीची रुंद झडप. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे फटीतून पाणी यायला वाट नाही. तळाला मऊ रबराच्या खोल खाचा, ओल्या फूटरेस्टवर पाय घसरणार नाही असा. चवड्यावर गिअरसाठी वेगळा रबरी तुकडा. बोटांना ऐसपैस जागा. किंमत बघून बाबांनी बूट खाली ठेवला, मी परत उचलला.

मग मी हात आत घातला. "बूट चावत नाही ना?" हे बाबांना विचारून उपयोग नव्हता. टाचेपासून अंगठ्यापर्यंत प्रत्येक शिवण मी बोटांच्या टोकांनी चाचपली. कुठे उंचवटा, कुठे टोचणारा धागा. ज्या बुटांतून मी लहानपणी ओले कागद काढायचे, त्यात असाच कोपरापर्यंत हात जायचा. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी दुसरा बूटही तसाच बघितला.

जाड मोजे घालून बाबा दुकानात फेरी मारून आले. आरशासमोर उभे राहिले. पुन्हा एक फेरी मारली, जरा जोरात पाय आपटत.

"कसे वाटतात?"

"बरे हायेत," ते म्हणाले. "टाच वाजत नाय पण."

घरी आईने मोरीत बादली भरली. बाबा एकेक पाय बादलीत घालून उभे राहिले, हातात पेपर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला. आईने बूट काढायला लावून आत हात घातला, इकडे तिकडे फिरवला. "कोरडं हाय," ती म्हणाली. आवाजात जराही आनंद नव्हता.

आषाढ पौर्णिमेला निघालो. मी मागे बसले. आडवा पाऊस होता. सापगावच्या पुलावर बाबांनी गाडी सावकाश घेतली. पुढे दोन्ही बाजूंना भाताची आवणी चालली होती. बायका पाठीवर प्लॅस्टिक बांधून वाकलेल्या. किन्हवलीच्या पुढे रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारे डांबराचे तुकडे. दर वर्षी निविदा निघते, दर वर्षी रस्ता वाहून जातो, आणि दर वर्षी मी त्यावर पत्रक लिहिते. त्या दिवशी मात्र माझं लक्ष खड्ड्यांकडे नव्हतं. दर खड्ड्याला उडणारं पाणी बाबांच्या बुटांवर आपटत होतं, आणि मला भारी वाटत होतं.

विहाराच्या पायरीवर बाबांनी चेन ओढली, बूट सर्रकन निघाला. आत बायका हात जोडून उभ्या. मी खाली बसून त्यांचा पाय हातात घेतला.

मोजा ओला होता. थोडासा दमट नाही. पिळला तर धार लागेल असा.

"काय गो?" बाबांनी विचारलं.

"ओला आहे."

"नाय. होणार नाय."

दुसराही तसाच. दोन्ही बूट मी उलटसुलट केले. शिवण धड, चेन धड. मग त्यांच्या रेनसूटच्या पँटकडे नजर गेली. दोन्ही पाय घोट्याकडे चुरगळून गोळा झालेले.

"बाबा, पँट बुटाच्या आत खोचली होती तुम्ही?"

"मग? चिखलात लोंबत ठेवू? जन्मभर आतच खोचली."

खरंच होतं. आमच्याकडे सगळे आतच खोचतात. शेतात, रुळांवर, पायवाटेवर चिखल खालून येतो, म्हणून कपडा बुटात. पण गाडीवर पाणी वरून येतं. टाकीवरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्यावर, आणि तिथून खोचलेल्या पँटच्या घडीतून सरळ बुटात. पाणी आत न येणारा बूट म्हणजे पाणी बाहेरही न जाणारा बूट. वर्षानुवर्षं आम्ही त्या गमबुटांतून पाणी ओतून टाकलं, दोष चवड्याच्या भोकाला दिला, आणि अर्ध्याहून जास्त पाणी वरूनच येत होतं, हे तिथे पायरीवर मला कळलं.

दारातली म्हातारी आजी सगळं ऐकत होती. वाडीतले लोक बाबांना मास्तर म्हणतात, बाबा कधी शिक्षक नव्हते तरी. ती म्हणाली, "अवो मास्तर, वाचून वाचून डोकं पिकलं, नि पँट घालाया पोरीनं शिकवायची का?"

सगळ्या हसल्या. बाबाही हसले, पण माझ्याकडे न बघता. माझ्या पिशवीत कोरडे मोजे होते. मी त्यांचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवलं, तळवे उजेडाकडे धरून पाहिले. पांढरे पडले होते, सुरकुतले होते. जखम नव्हती. आजी घरी जाऊन कागद घेऊन आली, बुटात कोंबायला. फळीवर अंथरलेले जुने, कडा तांबूस झालेले. त्यात एक पोपटी होता. "वाडीला पाणी मिळालेच पाहिजे." नळ येऊन आता किती वर्षं झाली, आणि हा कागद तिच्या डब्यांखाली राहिला होता. बाबांनी तो बघितला, बुटात घातला, आणि आत जाऊन बसले. त्यांचं वाचन मी पायरीवरून ऐकलं. शब्द तोडून, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, समोरच्याला दम घेता यावा असं ते वाचतात. मी लहान असताना मांडीवर बसवून पत्रकही तसंच वाचायचे.

परतताना सरळगावला बाबांनी गाडी सावकाश केली. मग मान वळवून म्हणाले, "बूट नाय गळला. अट बुटाची व्हती."

"अट पायाची होती."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणते. मी तिथे होते."

मी सांगणार हे त्यांना माहीत होतं, आणि सांगू नको असं ते म्हणणार नाहीत हे मला. ज्यांनी मला प्रत्येक पत्रकाखाली आपलं नाव घालायला शिकवलं, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. तरी त्या रस्त्यावर, त्यांच्या ओल्या पाठीमागे बसून, मला शहापूर लांब असायला हवं होतं.

दारात हेल्मेट काढायच्या आधीच मी सांगितलं. पाय ओले झाले. बूट चांगला आहे, पँट आत खोचली होती. आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग बाबांसमोर हात पुढे केला. बाबांनी चावी तिच्या हातावर ठेवली. तिने ती मसाल्याच्या डब्यात टाकली आणि वर झाकण लावलं.

तो आठवडा वाईट गेला. बाबांनी गाडी पुसली, चेनला तेल घातलं, परत पुसली. पेपर आला तरी उघडला नाही. मी मुरबाडहून परतले की ते विचारायचे, "किन्हवलीला पाणी कितीसं हाय रस्त्यावर?" आणि उत्तर ऐकून मान डोलवायचे, जणू उद्या जायचंय.

शनिवारी घरात शिरले तर आईचं शिलाई मशीन चालू. मशीनवर बाबांची पँट होती. पायाशी तिने मोडक्या छत्रीच्या कापडाची कळी घालून घेर वाढवला होता, म्हणजे पँट बुटाच्या वरून उतरेल. आणि खालच्या कडेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा, बुटाच्या तळव्याखालून जाणारा, वाऱ्याने पँट वर सरकू नये म्हणून.

"आई, तू?"

"तीन महिने घरात बसवून ह्यांचं तोंड कोण बघंल? रोज मलाच वाचून दाखवतील." तिने दाताने दोरा तोडला. "अवो, या इकडं. घाला."

बाबा मोरीत उभे राहिले. बूट, वरून पँट, तळव्याखाली पट्टा. आईने तांब्या भरून त्यांच्या मांडीवर ओतला. पाणी पँटवरून घरंगळत बुटाच्या बाहेरून जमिनीवर आलं. आणखी एक तांब्या. मग आणखी एक. मला वाटतं शेवटचे काही तांबे तिने गरज नसताना ओतले.

"दिसतं कसं?" बाबांनी विचारलं.

"बँडवाल्यासारखं," आई म्हणाली आणि मसाल्याच्या डब्याकडे गेली. चावीला हळदीचा वास लागला होता. "अट तीच हाय," ती देताना म्हणाली.

रविवारी ते एकटेच गेले. पाऊस दिवसभर थांबला नाही. आई दोनदा दाराशी जाऊन आली. गाडीचा आवाज आला तेव्हा मी उठले, पण आई आधीच पोचली होती. बाबा पायरीवर बसले, पट्टा सोडवला, चेन ओढली. आईने आधी मोजा हाताने दाबला. मग तळवे स्वतः उलटे करून पाहिले, एकेक बोट बाजूला करून. मग बुटात हात घातला, अगदी टोकापर्यंत.

"कोरडं हाय," ती म्हणाली. या वेळी बरं वाटल्यासारखं.

बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"कागद आण," आई मला म्हणाली.

"कशाला? कोरडे आहेत ना?"

"कोरडे असले म्हणून काय झालं? घामाची ओल नसती का? आन्‌ बुटाला आकार राहायला नको?"

मी आत जाऊन खुंटीवरच्या पिशवीतून वरची पत्रकं काढून आणली. रस्त्यांबद्दलची, पिवळ्या कागदावरची. आईने चुरगळायला घेतलं आणि मध्येच थांबली. कागद उलगडला, डोळ्यांजवळ नेला.

"ही सभा झाली का?"

"नाही. पुढच्या शनिवारी आहे."

तिने तो मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला आणि माझ्या हातात परत दिला.

"मग दुसरं आण."